अकरा बिबटे आणि एक उलटा

मी एक जुने भिंग आहे. काचेचा टवका उडालेला, मूठ दोनदा डकवलेली. माझी उमेदीची वर्षे घड्याळजीच्या टेबलावर गेली. तिथे खोटे बोलत ती फक्त घड्याळे. पुढे घड्याळजीच्या मुलीने मला वनखात्याच्या कचेरीत नेले आणि माझी पर्यटकांशी गाठ पडली.

मित्रांनो, ही मुलगी, म्हणजे आमची ताई, बिबटे मोजते. प्रत्येकाचे ठिपके वेगळे. एकाच बिबट्याची डावी कूसही उजवीसारखी नसते. पर्यटकांनी पाठवलेल्या फोटोंतले ठिपके जुळवून ती ओळखीचा कोण, नवा कोण ते ठरवते.

आणि फोटो तरी कसले! बहुतेकांत पर्यटक पुढे, बिबट्या मागे. एका महाभागाने दगडाचा फोटो पाठवून खाली 'झोपलेला बिबट्या' असे लिहिले होते. त्यातल्या त्यात दगडच शहाणा वाटला.

मग ठिपके जुळवायला संगणक आला आणि मी दोन वर्षे कागदांवर वजन म्हणून बसून काढली.

यंदा साहेबांना बारावा बिबट्या हवा होता. बारा भरले की घळीतून पर्यटकांच्या गाड्यांचा नवा रस्ता निघणार होता. त्याच घळीत आक्का नावाची मादी दोन पिल्ले घेऊन राहत होती. गाड्यांना बिचकून ती पळाली असती, तर पिल्ले उपाशी मेली असती.

एके सकाळी एक काका भलामोठा फोटो घेऊन आले. संगणक म्हणाला, नवा.

"बारावा! करा सही," साहेब म्हणाले.

ताईने मला उचलले, ओढणीने पुसले आणि फोटोच्या कोपऱ्यातल्या गाडीवर धरले. नंबरपाटीवरचे सगळे आकडे उलटे होते.

"काका, फोटो उलटवलात?"

"उलटवला कुठे? नुसता फिरवला. सोफ्याच्या वर भिंतीवर लावायचाय ना, तोंड दाराकडे हवं असं हिचं म्हणणं."

"अहो, आरशात दाढी करताना तुम्ही दोन होता का?"

"ताई, एवढ्यातेवढ्यावरून अडू नका," साहेब कुरकुरले.

"साहेब, ही नव्याची उजवी नाही, आक्काचीच डावी कूस आहे. तिचाच फोटो दाखवून तिलाच घळीतून हाकलायचं?"

साहेब छताकडे बघू लागले. ताईने 'अकरा' लिहून सही केली. रस्ता बारगळला.

"मग मला नवा बिबट्या शोधल्याचं प्रमाणपत्र नाही?" काकांनी विचारले. त्यांना एवढेच समजले होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा. फोटो निघाला तसाच पाठवा. भिंतीवर शोभत नसेल, तर सोफा हलवा.