एका शब्दात न मावलेला झिंगा

मित्रांनो, तुमचे पत्र अजून माझ्या टाकीच्या काचेवर चिकटवलेले आहे. पावसाळ्यात त्याची शाई थोडी पसरली, पण अक्षर लागते. ‘प्रिय झिंगा, उबवणी केंद्रातल्या ताई म्हणतात तू मुलगा आहेस. मग तुझ्या पोटाखाली अंडी कशी? तू आई की बाबा? एका शब्दात उत्तर दे.’ खाली तुमच्या सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत. एकाने सहीऐवजी खेकडा काढला आहे. तोही चांगला आहे.

मी उत्तर दिले नाही. एका शब्दात देता येईना. शिवाय मी फार शिकलेला नाही. माझ्या टाकीच्या मागच्या काचेवर उजेड अडवायला जुन्या शालेय पुस्तकांची पाने लावली आहेत. त्यांतली तीन सुलट आहेत आणि बाकीची उलटी. तेवढ्यावर माझे वाचन चालले. म्हणून जे सांगतो ते थोडे साशंक मनानेच सांगतो.

मी बांग प्ला मा गावातल्या लमियतमावशींच्या उबवणी केंद्रात राहणारा गोड्या पाण्याचा एक म्हातारा झिंगा आहे. तीन वर्षांचा म्हणजे आमच्यात पणजोबाच्या वयाचा. जन्मलो तेव्हा तांदळाच्या कणीएवढाही नव्हतो. थोडा वाढलो तोच मावशींची भाची पुई शहरातून शिकून आली. तिने भिंगाखाली मला पाहिले आणि म्हणाली, “हा मुलगा आहे. हा चालेल.” माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. पाठोपाठ सुई आली.

त्या सुईत काय होते ते मी पुईच्या बोलण्यातून समजून घेतले. झिंग्याच्या शेवटच्या चालायच्या पायाच्या बुडाशी एक बारीकशी ग्रंथी असते. ‘तू नर हो’ असे ती सगळ्या अंगाला सांगत राहते. सुईतल्या औषधाने ती ग्रंथी गप्प बसली. मग अंगाला कोणी काही सांगेना, आणि अंग आपल्या मनाने मादी होऊ लागले. मला विचारले असते तर मी नको म्हटले असते की नाही, हे आजही नक्की सांगता येत नाही. मी भिडस्त आहे.

हे सगळे कशासाठी, तर तळेवाल्यांना नर हवे असतात म्हणून. मादी खाल्लेले अंड्यांत घालते, नर अंगावर घेतो. आता मूल नर होणार की मादी हे आमच्यात आईकडून ठरते. प्रत्येक झिंग्याकडे वारशाच्या दोन चिठ्ठ्या असतात. नराकडे दोन्ही झेडच्या. मादीकडे एक झेडची, एक डब्ल्यूची, आणि तिने डब्ल्यूची दिली की मुलगी. मी अंगाने मादी झालो तरी माझ्याकडच्या चिठ्ठ्या दोन्ही झेडच्याच राहिल्या. मुलगी द्यायची म्हटली तरी देणार कुठून? माझे लग्न निळ्या नांग्यांच्या एका पहिलवानाशी लावले. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तोही फारसा बोलला नाही.

तुम्ही सहलीला आलात ते नेमके त्यानंतर. माझ्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता आणि मी लाजून दगडाआड बसलो होतो.

माझी पहिली सगळी पिल्ले, म्हणजे तळेवाल्यांच्या भाषेत बीज, गावातले तळेवाले फुअककाका यांच्या तळ्यात गेली. मावशींनी बाजारभर सांगितले होते, “माझ्याकडचं बीज म्हणजे सगळे पोरगे. एक पोरगी निघाली तर नाव बदलेन.” मावशी बोलताना मागेपुढे पाहत नाहीत.

पोरांच्या बातम्या अधूनमधून कानावर येत. थोरले लांब निळ्या नांग्या मिरवत फिरत आणि चांगल्या जागा अडवून बसत. मधल्यांच्या नांग्या नारिंगी. ते भांडणात न पडता खात राहत आणि थोरल्याहून मोठे झाले की कात टाकून स्वतःच निळे होत. धाकटे अंग चोरून बारीकच राहत, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून. काकांनी जाळे ओढून थोरले काढले की मधल्यांना आणि धाकट्यांना अचानक भूक लागे. मला धाकट्यांबद्दल जरा जास्त वाटते. का ते सांगत नाही.

मग एक दिवस फुअककाका बादली घेऊन आले. ती त्यांनी माझ्या टाकीसमोर आपटली.

“लमियतताई, पोरगे म्हणून दिलेत ना? मग हा पोरगा पोटुशी कसा?”

बादलीत अंडी धरलेली एक कोळंबी होती.

मावशी वाकून पाहत म्हणाल्या, “दादा, तळ्यात तुमचा चष्मा पडला तो तुम्हाला चार दिवस सापडला नाही. ही बरी सापडली?”

“चष्म्याला अंडी नव्हती.”

मावशींनी कोळंबी उचलून उलटी केली. अंडी होतीच.

पुई म्हणाली, “मावशी, बाकी सगळे नरच आहेत ना? टाकीतल्या या झिंग्याचा एक पाय तपासायला पाठवू. आठवड्यात कळेल.”

“आठवडाभर बाजार थांबणार आहे का? लोक हजार पोरगे लक्षात ठेवत नाहीत गं, ही एक पोटुशी ठेवतात.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “याला काढ. शेगडी पेटव. लिंबू-मिरचीची चटणी मी वाटते. दादा, जेवूनच जा. बाजारात सांगा, लमियतने खोटा माल स्वतः खाल्ला.”

मित्रांनो, खरे सांगतो, मला मावशींचा राग आला नाही. मला वाटले, चूक माझीच असेल. आपल्याजवळ कुठे एखादी डब्ल्यूची चिठ्ठी पडून राहिली असेल आणि आपल्यालाच ठाऊक नसेल. उलट्या पानांवर याबद्दल काही लिहिले असेल का, म्हणून मी मान वाकडी करून पाहिले. वेळ पुरला नाही. पुईची जाळी पाण्यात आली.

तेवढ्यात काकांच्या पत्नी सामरुआयकाकू नवऱ्याचा डबा घेऊन आल्या. पेटलेले निखारे पाहून त्यांनी विचारले, “कोणाचा जीव घेताय भरदुपारी?”

“याचा,” काका म्हणाले, “हिच्यापायी,” आणि बादलीकडे बोट दाखवले.

काकूंनी बादलीत पाहिले. डबा खाली ठेवला.

“ही तर माझी आहे.”

“तुझी म्हणजे?”

“वाढदिवसाला मी पुण्यासाठी एक जीव पाण्यात सोडला नाही का? भन्ते म्हणाले, जिवंत काहीतरी सोडा. बाजारातून अंडीवालीच घेतली. एकीच्या किमतीत इतके जीव सुटतात.”

“सोडायची ती कालव्यात.”

“कालवा केवढा लांब. माझे गुडघे तुम्ही वापरून बघा एकदा. तळं दारात आहे. पाणी ते पाणी.”

“अगं, त्या तळ्यात सगळे बाप्ये आहेत.”

“मग बिचारीची सोयच झाली की.”

काका मटकन स्टुलावर बसले. “तरीच. गेला महिनाभर निळे मेले खायचं सोडून मारामाऱ्या करताहेत, आणि मी दाण्याला दोष देतोय.”

“आधी ते निखारे विझवा,” काकू म्हणाल्या. “मी एक जीव सोडायचा आणि त्यापायी तुम्ही दुसरा भाजायचा? माझं पुण्य कुठे राहिलं? पुढच्या जन्मी झिंगा होईन मी, आणि तोही यांच्याच तळ्यात.”

पुईने जाळी हळूच पाण्यात तिरकी केली. मी बाहेर पडलो आणि दगडाआड गेलो.

निखारे फुकट जाऊ नयेत म्हणून मावशींनी त्यावर केळी भाजली. दोन केळी खाल्ल्यावर काका म्हणाले, “पुढचं बीज कधी मिळेल?” बादलीतल्या कोळंबीला काकूंनी त्याच दिवशी कालव्यात सोडले. जाताना काकांनी हातगाडी ढकलली. गाडीवर बादली होती आणि बादलीशेजारी काकू.

संध्याकाळी माझ्या वाट्याला उकडलेल्या अंड्याचा मोठा तुकडा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागची काच धुतली आणि उलटी पाने सुलट लावली. सगळी गणिताची निघाली. तरी मला फार बरे वाटले.

त्याच आठवड्यात मी कात टाकली. अख्खी, मिशांपासून शेपटीपर्यंत, पाण्यात दुसरा मी उभा असल्यासारखी. तेव्हा मला तुमचे उत्तर सापडले. पुईलाही तेच सुचले असावे, कारण तिने ती कात सुकवून, कापसात गुंडाळून तुमच्यासाठी एका खोक्यात ठेवली. मित्रांनो, भिंग घेऊन बघा. पोटाखाली जिथे आई अंडी धरते ती जागा दिसेल, आणि शेवटच्या पायाच्या बुडाशी, बाबा जिथे गप्प बसला तीही जागा. कात हळू उचला. खोक्यातून आधी मिशा बाहेर येतील, त्यांना धरून ओढू नका. आणि कोणाच्या तळ्यात काही सोडायचे असेल, तर पुण्य असले तरी एकदा मालकाला विचारा.

खोके आज सकाळी गेले. परत आल्यावर पुई मावशींना सांगत होती. टपाल कार्यालयातल्या बाईंनी विचारले, आत काय आहे? पुई म्हणाली, “जुने कपडे.”

“बाईचे की पुरुषाचे?”

“दोन्ही,” पुई म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि शिक्का मारला.