डावा हात चकवर

“भोक पाडताना ड्रिल आत जातं तोवर तुझं ऐकतं. बाहेर काढताना ते लाकडाचं ऐकतं. तेव्हा ड्रिल धरणाऱ्या चकवरचा डावा हात सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी.”

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांना डबा द्यायला गेले होते आणि कपड्यांना भुसा लागू नये म्हणून दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभी होते. “मला कुठे कातारी व्हायचंय आप्पा?” एवढं बोलून मी डबा स्टुलावर ठेवला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. पलंगाचे पाय आणि जिन्याचे कठडे कातणाऱ्या माणसाकडून मला काय शिकायचं होतं?

माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना थोरल्या भाऊजींनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला होता. “कातारी म्हणजे नक्की काय करतात ते?” नाकाला वास आल्यासारखं तोंड करून. तेव्हा ते मुख्याध्यापक होते. आठ वर्षांनी निवृत्त झाले, तळमजल्यावरच्या गॅरेजमधली गाडी विकली आणि तिथे लाकडाचा लेथ आणून बसवला. चाळीस वर्षं माझ्या वडिलांनी केला तो धंदा, भाऊजींनी केली ती कला.

आम्ही त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, भाऊजी आणि जाऊबाई पहिल्यावर. त्यामुळे येता-जाता गॅरेज दिसायचंच. पटाशा भिंतीवर ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीखाली तिच्या नावाची चिठ्ठी, पहिलीच्या वर्गातल्या वह्यांवर असते तशी. सात खिशांचा एप्रन. पिवळे चामडी हातमोजे. मोबाइल उभा करायला खास स्टँड, कारण गुरुजींचे गुरुजी मोबाइलमध्ये राहत होते. तीन महिन्यांत एवढ्या सरंजामातून एक वाडगा निघाला. त्याच्या बुडाला भोक पडलं, म्हणून आता ती सुक्या फुलांची फुलदाणी आहे.

मी हे सगळं बघायचे. माझा स्वभावच तसा. पोरगी झोपली की तिचा श्वास चालू आहे का बघते, गॅसचं बटण दोनदा बघते. एका सकाळी पोरीला कडेवर घेऊन खाली आले तर भाऊजी हातमोजे घालून फिरत्या लाकडाशेजारी उभे, लांब बाहीचं बटण उघडं, आणि यंत्राचा पट्टा सगळ्यात वेगवान चाकावर. त्यांचं काहीही होवो, मला काय, असं मी मनाशी म्हटलं. पण ते खरं नव्हतं. आमची भिंगरी (पोरीला सगळे भिंगरीच म्हणतात) त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरून जिना उतरायला शिकली. उजव्या हाताने ते कठडा धरतात, म्हणून डाव्याच हाताचं. माझं बोट ती झिडकारते.

त्या डाव्या हातासाठी मी तोंड उघडलं, आणि उघडलं तेही कसं!

“भाऊजी, मोजे काढा. फिरत्या यंत्रापाशी मोजे घालत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं.”

आयुष्यभर शेंबड्या पोरांना शिकवलेल्या माणसाला हे ऐकवायचं! त्यांनी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला. “तुझी पदवी कशात आहे म्हणालीस?”

“अर्थशास्त्रात.”

“वाटलंच.” आणि यंत्र पुन्हा सुरू.

त्यानंतर भाऊजींनी जाहीर केलं की भिंगरीसाठी ते लाकडी खुळखुळा करणार. मला मणी दिसायला लागले. खुळखुळा फुटतोय, मणी घशात जातोय. पण बोलले नाही. लाकडाचा गोळा पोकळ करायचा म्हणजे लेथवरच जाड ड्रिलने भोक पाडायचं. ते बघायला रविवारी सगळ्यांना खाली बोलावणं आलं. जाऊबाई खुर्ची घेऊन आल्या, भिंगरी त्यांच्या मांडीवर, शटरच्या बाहेर. माझा नवरा कुठल्याही भांडणात उभा राहतो तिथे उभा राहिला, म्हणजे दाराशी.

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डावीकडच्या टोकाला लाकूड पकडतात, ते फिरतं. उजवीकडे एक सरकता ठोकळा असतो, त्यात ड्रिल बसवतात, ते फिरत नाही. ठोकळ्याचं चाक उजव्या हाताने फिरवलं की ड्रिल पुढे जातं, उलटं फिरवलं की मागे येतं. ड्रिल धरणारा जो लोखंडी चक असतो तो ठोकळ्यात नुसता दाबून बसवलेला असतो. कुठलाही स्क्रू नाही. आप्पांचं दुकान उंबऱ्यावरून बघूनही मला एवढं माहीत होतं.

भाऊजींनी मोजे चढवले. ठोकळा आवळला नाही. पट्टा तिथेच, वेगवान चाकावर.

“ठोकळा आवळा,” मी म्हटलं.

“अगं, राहू दे ना,” दाराशी उभा असलेला म्हणाला.

“आणि पट्टा सगळ्यात हळू चाकावर घ्या. मोजे तर…”

“मग तूच पाड ना!” भाऊजी बाजूला सरकले, खाली वाकून हात पुढे केला. “या कातारीणबाई. आम्ही बापडे शिकतो.”

जाऊबाई हसल्या. वाईट हेतूने नाही, त्या बसल्या जागी कशालाही हसतात. पण मी पुढे झाले. लेथला मी जन्मात हात लावला नव्हता.

पट्टा बदलला. केस बांधलेले होते, ते आणखी आवळून बांधले. बाह्या वर केल्या, बांगडी काढली, डोळ्यांवर भाऊजींचा पारदर्शक मुखवटा चढवला. ठोकळा आवळला. लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघितलं. पटाशीच्या टोकाने मधोमध खळगा केला, म्हणजे ड्रिल भटकत नाही. मग यंत्र सुरू केलं, डावा हात चकवर ठेवला आणि उजव्या हाताने चाक फिरवलं. अर्धा इंच आत, मग मागे, ढलप्या बाहेर. पुन्हा अर्धा इंच. लाकडाचा करपल्यासारखा वास येऊ दिला नाही. कोणी शिकवलं नसताना सगळं येत होतं. नव्हे, शिकवलं होतं, मी घेतलं नव्हतं.

भाऊजी गप्प झाले होते. तेवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मला नीट बघायचं होतं.

शेवटचा अर्धा इंच आत गेला. ड्रिल ढलप्यांनी गच्च भरलेलं. मी उजव्या हाताने चाक उलटं फिरवत होते, आणि डावा हात… डावा हात मी चकवरून उचलला आणि भाऊजींच्या हातातल्या पिवळ्या मोज्यांकडे बोट केलं.

“हे आता भांडी घासायला—”

वाक्य पुरं झालं नाही. लाकडाने ड्रिल धरलं, चक ठोकळ्यातून सुटला आणि लाकडाबरोबर गरगर फिरायला लागला. किलोभर लोखंड. बोट दाखवून परत येणारा माझा हात त्याच्या वाटेत आला. आवाज मोठा नव्हता. कोणी दारावर टकटक करावी तसा.

यंत्र बंद झालं. लाल बटणावर भाऊजींचा हात होता. माझा नवरा अजून दाराशीच होता.

दवाखान्यात नेताना रिक्षात भाऊजींनी माझं मनगट सगळ्या वाटेभर वर धरून ठेवलं होतं. दोन बोटं, सात टाके, एक हाड चिरलेलं. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ते वर आले, खुर्चीत बसले आणि वर्गाला धडा समजावून सांगावा तसे म्हणाले, “मी विचार केला. तू मोजे घातले असतेस तर कातडी वाचली असती.”

आप्पांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग एकदम थांबले. “मोजा असता तर हातच आत ओढला असता. टाके घालायला बोटं तरी उरली तुझी. पण पोरी, तू हात सोडलास का?”

“बोट दाखवायला.”

“मग बोटानेच फेडलंस.”

एका हाताने पोर सांभाळता येईना, म्हणून गेल्या आठवड्यापासून मी भिंगरीला घेऊन आप्पांकडे आहे. नवरा कामासाठी परगावी गेलाय. जाऊबाई लेकीकडे गेल्यात. इमारतीत भाऊजी एकटे. काल फोनवर म्हणाले, “तुम्ही यायच्या आत खुळखुळा पुरा करतो. नवा गोळा घेतलाय, आता फक्त खोल भोक राहिलंय.” मी म्हटलं, “भाऊजी, मागे घेताना चकवरचा हात…” त्यांनी मध्येच तोडलं. “तू मला सांगतेस? सात टाके पडलेली?”

आज सकाळपासून चार वेळा फोन केला. उचलत नाहीत. जाऊबाई म्हणतात, “अगं, मशीनवर असले की त्यांना ऐकूच येत नाही.” असेलही. आप्पा उगाच रंधा पुसत बसलेत आणि माझ्या फोनकडे बघतायत. भिंगरीने इथल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून हात वर धरलाय, बोटासाठी. माझं बोट दिलं तर झिडकारलं.

तेव्हा हे वाचणारं कोणी आमच्या इमारतीच्या आसपास राहत असेल, तर एवढं करा. तळमजल्यावर निळं शटर आहे, बाहेर भुशाची गोणी. लेथचा आवाज येत असेल तर थांबा, बंद होईपर्यंत हाक मारू नका, दचकतील. आवाज येत नसेल तर लगेच शटर वाजवा. मोजे काढायला सांगा. माझ्यासारखं नको, जरा मान देऊन सांगा, गुरुजी म्हणा. आणि शटर अर्धंच उघडं असेल तर वाकून आत बघा, त्यांचा डावा हात कसा आहे ते मला कळवा.