पूर्वपक्षातले वाक्य

बाळांचा साबण बनवणाऱ्या कंपनीने नव्या जाहिरातीबरोबर एक निवेदन प्रसिद्ध केले: ‘आमच्या सदिच्छादूतांवरील आरोपांचे एका स्वतंत्र विद्वानांनी सखोल परीक्षण केले आहे. तक्रारदार मुलीचे सख्खे मामा असूनही त्यांनी असा निर्वाळा दिला आहे की, “रागाच्या भरात घडलेल्या एका कृत्यात माणसाला जन्मभर कोंडून ठेवणारा समाज न्यायी नसतो, त्याला फक्त विसरता येत नसते.”’

सदिच्छादूत म्हणजे एक लाडका नट. तक्रारदार म्हणजे त्याची रंगभूषा करणारी माझी भाची. त्याने ढकलल्यामुळे तिचे मनगट मोडले. विद्वान म्हणजे मी.

निवेदन पदशः तपासू. ‘स्वतंत्र’: आरोपांनंतरही नटाला सदिच्छादूत ठेवणे नीतीला धरून आहे का, यावर कंपनीने मला अहवाल लिहायला बोलावले तेव्हा हे नाते मी पहिल्याच भेटीत, सचोटीच्या टेचात, सांगून टाकले. प्रसिद्धी खात्याच्या बाईंचा चेहरा उजळला. तो आदर आहे असे मला वाटले. ‘सखोल’ हे खरे आहे. तळ कोणालाच दिसला नाही. ‘निर्वाळा’ हे मात्र धादांत खोटे. आमच्या तर्कशास्त्रात एखादे मत खोडण्याआधी ते त्याच्या कैवाऱ्यांपेक्षाही चांगले मांडावे लागते. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. वरचे वाक्य तिथले. खंडन त्यानंतर सुरू होते आणि तळटीपांचा डोंगर रचत अहवालाच्या शेवटापर्यंत चालते. ते वाचल्याचा पुरावा मला अद्याप कोणाकडूनही मिळालेला नाही.

निवेदन आले त्या सकाळी मी ताईकडे गेलो. भाची प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवून डाव्या हाताने फोन वाचत होती.

“मामा, वाक्य झकास आहे. कोणाचं?”

“माझं. पण ते माझं मत नाही.”

“मग तुझं मत कुठंय?”

“पुढे. तिसऱ्या प्रकरणात.”

“वा! आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत माझ्या युनियनची माणसं पोचणार? चौकशीत मी खोटी ठरले तर माझं कार्ड जाईल. कार्ड नाही तर कुठल्याच सेटवर काम नाही.”

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “लहानपणीही हा असाच. भांडणात समोरच्याची बाजू आधी मांडायचा, आणि आपली मांडायची वेळ आली की जेवायची हाक यायची.”

मी प्रसिद्धीवाल्या बाईंना फोन लावला. आवाज शक्य तितका थंड ठेवला. संताप थंड असला की तो विद्वत्तेत जमा होतो अशी माझी समजूत आहे.

“वाक्य तुमचंच ना, सर?”

“वाक्य माझं. मत प्रतिपक्षाचं.”

“मग इतकं छान कशाला लिहिलंत? आमच्या कॉपीरायटरला आठवडाभर असं काही सुचत नव्हतं. आमच्या सदिच्छादूत साहेबांनी तर ते पाठ केलंय. मुलाखतीत तेच म्हणतात.”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी फोन ठेवला. पूर्वपक्ष लिहिताना मी रंगात आलो होतो; खंडन लिहिताना मी फक्त बरोबर होतो.

चौकशी युनियनच्या कार्यालयात झाली: लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीशबाई. समोर वकिलासह बसलेल्या नटाचा लेखी जबाब एका ओळीचा होता: घटनेच्या वेळी आपण रंगभूषेच्या खोलीत नव्हतोच, मुलगी पायरीवरून पडली असावी. साक्षीदार कोणी नव्हता. भाचीने मला बोलावले होते ते एवढ्याचसाठी, की निवेदनातले वाक्य तिच्या विरुद्ध वापरले जाऊ नये.

मी तिसरे प्रकरण वाचायला घेतले. पहिली तळटीप संपेपर्यंत अध्यक्षबाईंनी दोनदा चष्मा पुसला. भाचीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी दुसऱ्या तळटीपेकडे वळलो.

“अहो, पुरे करा की!” नट उसळून म्हणाला. “मुद्द्याचं वाक्य तर गाळताय! मी म्हणतो.” तो उभा राहिला, कोटाचे बटण लावले आणि ते वाक्य त्याने अस्खलित म्हटले. ‘कोंडून ठेवणारा’ या शब्दावर त्याने घेतलेला विराम मलाही सुचला नव्हता. मी क्षणभर सुखावलो, हेही इथे नोंदवणे भाग आहे.

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली.

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “यात ‘घडलेलं कृत्य’ आहे. तुमच्या जबाबात काहीच घडलेलं नाही. कोणतं कृत्य?”

“साहेब, बसा,” वकील पुटपुटला. “म्हणा, वाक्य कंपनीचं आहे.”

“का म्हणू? ते माझ्याबद्दल आहे! एवढ्या मोठ्या माणसानं माझ्याबद्दल लिहिलंय!”

“मग तुम्हाला ते मान्य आहे?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“शब्द न् शब्द.”

“तर मग कृत्य सांगा. की वाक्य मागे घेताय?”

वकिलाने डोळे मिटले. माझ्या आयुष्यभराच्या खंडनांना जे कधी साधले नाही ते तो पूर्वपक्ष माझ्या डोळ्यांदेखत साधत होता, आणि मी हातात तिसरे प्रकरण धरून उभा होतो. नटाने माझ्याकडे, कृतज्ञतेने, पाहिले आणि सांगितले. टंकलेखिकेने घेतलेल्या नोंदीत ते असे आहे:

“हो, होतो मी खोलीत. कपाळावरची आठी हिला झाकता येईना, कॅमेरा खोळंबलेला, डोकं फिरलं, ढकललं मी हिला. पण मनगट मोडेल इतकं काही ढकललं नव्हतं. आणि हिचा मामाच म्हणतोय विसरा, तर ही का धरून बसलीय?”