पांढऱ्या रंगाखालची बाई

अंबडच्या एका कारखान्यात स्नेहल यंत्रांची ड्रॉइंग काढायची. १९९७ च्या मार्चमध्ये जुनी पुस्तकं शोधायला म्हणून ती रद्दीच्या दुकानात गेली आणि तिथे एका बंद पडलेल्या छापखान्याचं गाठोडं तिच्या हाती लागलं. आत शाईने काढलेली बत्तीस चित्रं होती. दौडते घोडे, बुरूज, ढालतलवारी. वडिलांच्या जुन्या मासिकांतल्या ऐतिहासिक गोष्टींत तिने हीच चित्रं वीतभर पाहिली होती. इथे ती हातभर होती! प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक सही: सावळीराम, सायखेडा.

रविवारी ती गाठोडं घेऊन एसटीने सायखेड्याला गेली. सावळीराम होते, ऐंशीच्या घरातले. पहिलंच चित्र पाहून ते ताडकन उठले.

"छापखान्यात जळाली म्हणून सांगितलं होतं मला! चतुरा, इकडं ये लवकर!"

त्यांची बायको चतुराबाई पदराला हात पुसत आली.

स्नेहलने एक चित्र पुढे केलं. उंच कडा, वरून सोडलेला दोर, खाली तोंड वासून बघणारे शिपाई. "बाबा, दोरावर कोणीच कसं नाही?"

"होती ना. संपादक म्हणाले, बाई कडा चढते हे वाचकांना पटायचं नाय. पुसा. मग फासला पांढरा रंग."

स्नेहलने चित्र दारातल्या उन्हासमोर धरलं. रंगाखाली काहीतरी काळसर दिसत होतं.

"हा रंग पाण्याने निघेल?"

"निघंल. खालची शाई पक्की हाय, ती नाय हलायची. पण माझा हात कापतो. तू कर, पोरी."

चतुराबाईंनी वातीचा कापूस आणला. स्नेहल श्वास रोखून ओला बोळा फिरवू लागली. आधी दोराला घट्ट धरलेली बोटं दिसली, मग खोचलेला कासोटा, दातात विळा, आणि शेवटी चेहरा.

"अगं बाई! ही तर मी!" चतुराबाई ओरडल्या.

"मग दुसरी कोण? तुलाच उंबराच्या झाडावर चढवून बसवलं होतं तासभर."

"आणि मला म्हणालात, ते चित्र छापायचंच राहून गेलं!"

"तुला वाईट वाटलं असतं."

चतुराबाईंनी बोट चित्रातल्या चेहऱ्याजवळ नेलं, पण लावलं नाही. मग त्या खळखळून हसल्या.

सावळीरामांनी गाठोडं पुढ्यात ओढलं. "थांब, अजून दोन ठिकाणी मला पुसायला लावलं होतं. शोधू."

तिघंही जमिनीवर बसली. जेवणाची ताटं झाकलेलीच राहिली.