सुर्ल्याच्या ताडपत्रीचा रविवार

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. माझा मूळ रंग हिरवा. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गेली कित्येक वर्षं मला पाहून कोणालाही तसा संशय आलेला नाही.

माझा जन्म दूरच्या एका गिरणीत झाला. जाड सुती कापड, त्यावर मेणाचा हात, चारी कडा दुमडून घातलेली दुहेरी शिवण आणि दोर ओवायला पितळी कड्या. म्हापशाच्या एका दुकानात मी घडी होऊन पडले होते. शेजारी छत्र्या टांगलेल्या असत. आपण कोणाच्या हाती जाणार याच्या गप्पा त्या दिवसभर मारत. मी गप्प असे. जाड कापडाने फार बोलू नये, अशी आमच्यात रीत आहे.

एका सकाळी शांताराम आला. हा सावंतवाडीकडचा, पोटासाठी खाणींच्या पट्ट्यातल्या सुर्ल्यात येऊन राहिलेला आणि खनिजाचा ट्रक चालवणारा. त्याने मला चिमटीत धरून चोळलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि दुकानदाराला म्हणाला, "ह्या तर माझ्यापेक्षा जास्त टिकतला." मी त्याच्याबरोबर निघाले.

माझं काम सोपं होतं. ट्रकात खनिज भरलं की त्यावर पसरायचं, चारी बाजूंनी दोर आवळून घ्यायचे आणि नदीवरच्या धक्क्यापर्यंत, जिथे खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्जी, लागतात तिथपर्यंत, वाटेत माती उडू द्यायची नाही. नियमच होता तसा. पण नियमाला वेळ लागतो. दोर आवळायला दहा मिनिटं, सोडायला दहा मिनिटं. आणि जो आधी पोचेल त्याची एक फेरी जास्त. म्हणून शांताराम आणि त्याचे सोबती मला आणि माझ्या बहिणींना गुंडाळून केबिनच्या टपावर ठेवत. पुढे तपासणी उभी आहे असं समोरच्या ट्रकाने दिवा मिचकावून सांगितलं की मग आमची आठवण व्हायची. अशा रीतीने मी रोज पंधरा मिनिटं खनिज झाकलं, आणि उरलेला दिवस खनिजाने मला झाकलं.

ही तक्रार नव्हे. शांताराम वाईट माणूस नव्हता. दसऱ्याला तो ट्रक टायरांसकट धुवायचा, झेंडूची माळ घालायचा आणि पाया पडायचा. मला मात्र कधी धुतलं नाही. "परत तांबडीच होतली," असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं. पण सगळ्याच खऱ्या गोष्टी कामाच्या नसतात.

अशी पंधरा वर्षं गेली. मग एके दिवशी खाणी थांबल्या.

ट्रक घरासमोर उभा राहिला. सुरुवातीला शांताराम रोज इंजिन चालू करून बघे. नंतर आठवड्यातून एकदा. नंतर ट्रकाखाली कोंबड्या बसू लागल्या. मी मागच्या पडवीत घडी होऊन पडले. माझ्या घडीत एका मांजरीने तीन पिल्लं घातली. दुर्लक्ष म्हणतात ते हेच असेल, तर मित्रांनो, ते चांगलं उबदार असतं.

शांताराम मात्र ओट्यावर बसून सुकत चालला. "पुढल्या म्हयन्यात चालू होतत," एवढंच एक वाक्य तो दोन वर्षं बोलला. त्याची बायको रुक्मिणी एकदा म्हणाली, "चालू होयत तोपर्यंत चुलीक काय सांगू? पुढल्या म्हयन्यात पेट म्हणान?"

तिला शिरवाळे सुरेख येत. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. साचा दाबताना भल्याभल्यांना घाम फुटतो. रुक्मिणी एकटी दाबायची.

डिचोलीचा जुना बाजार बुधवारचा. पण त्याच सुमारास जवळच्या एका मैदानावर रविवारचा नवा बाजार भरू लागला होता. आसपासच्या तालुक्यांतल्या लोकांनी स्वतः पिकवलेलं, स्वतः केलेलं तेवढंच तिथे विकायचं. बाजाराची सूत्रं गुरुदास नावाच्या निवृत्त कारकुनाकडे होती. त्यांच्याकडे माइक होता आणि बोलायला बरंच होतं. प्लास्टिक वापरू नये, ही सूचना त्यांनी प्लास्टिकच्या फलकावर रंगवून घेतली होती. पावसात पुसू नये म्हणून.

तिथे शिरवाळे करून विकायचे, तर रुक्मिणीला चुलीवर सावली हवी होती. तिने मांजरीचं बिऱ्हाड गोणपाटावर हलवलं आणि मला नळाखाली धरून दोनदा धुतलं. सुर्ल्याच्या हिशेबाने मी स्वच्छ झाले. तिथे उंबरा तांबडा, तुळस तांबडी, वाळत घातलेलं धोतर तांबडं. त्यातल्या त्यात फिकट जे असेल त्याला आम्ही स्वच्छ म्हणत होतो.

रविवारी शांतारामने मला चार बांबूंवर चढवलं. ट्रकावर बांधायचा तशाच गाठी मारल्या आणि मैदानाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. "मी डायवर माणूस. बाजारात बसूचंय नाय," तो म्हणाला.

"बसू नको. उभ्यान लाज राखतंस ती राख," रुक्मिणी म्हणाली आणि चूल पेटवली.

मित्रांनो, आयुष्यभर मी खाली मान घालून दगडच पाहिले होते. आता बांबूंवरून माणसं दिसू लागली. हळर्णचे सगुण म्हातारे शेतातल्या मिरच्या घेऊन बसत. तिखट आहेत का असं कोणा बाईने विचारलं की म्हणत, "माका इचारू नका, घरी जाऊन तुमच्या घोवाक इचारा." नार्व्याची एक बाई नदीकाठच्या मळ्यातले अळसांदे, म्हणजे टपोरी चवळी, आणायची. पेडण्याहून आलेले एक गृहस्थ कोकमाची सोलं चाखून खूश झाले आणि विकणारीला विचारू लागले, "बाय, तुमी खंयच्यो?" ती म्हणाली, "तुमच्या घराच्या फाटल्यान. तीस वर्सां झाली. सोलां सुकवल्यार वास येता म्हणून तुमीच जनेल धांपतात." घरामागेच राहणाऱ्या या शेजारणीकडून गृहस्थांनी दोन किलो सोलं घेतली. खिडकीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

रुक्मिणीचे शिरवाळे दुपारच्या आत संपू लागले. घरची चूल आता रविवारच्या चुलीवर पेटत होती.

तिच्या शेजारी सुमंगला बसायची. धक्क्याच्या वाटेवर, रस्त्याला लागून तिचं घर. ती तांदळाच्या फेण्या, म्हणजे वाफवून वाळवलेले पातळ पापड, विकायची. कडक उन्हात वाळवलेल्या, इतक्या पांढऱ्या की त्यांच्याकडे बघून डोळे मिटावेत. दोघी एकमेकींना पाणी देत, सुटे पैसे देत. सुर्ल्याहून येते याच्यापलीकडे सुमंगलाने कधी काही विचारलं नव्हतं.

चौथ्या रविवारी, दसरा उलटून गेल्यावर, भर दुपारी एक सर आली. दहा मिनिटांचीच. पण शांतारामने मला बांधताना उतार दिला होता तो सुमंगलाच्या बाजूला. ट्रकावर शेजारी नसतो, मित्रांनो; हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या घड्यांत पंधरा वर्षं दडून बसलेली माती पाण्याबरोबर निघाली आणि तांबडी धार सरळ फेण्यांच्या सुपात पडली.

सुमंगला उठून उभी राहिली. आधी सुपाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. आणि तिने मला ओळखलं.

"ही ट्रकाची ताडपत्री!"

"होय गे बाय, पण मी दोनदा धुतलंय..." रुक्मिणी म्हणाली.

"पंधरा वर्सां! पंधरा वर्सां ही माती माझ्या आंगणात पडली. फेण्यो उन्हात घालायच्या त्या मी घरात पंख्याखाली सुकवल्या. बुरशी लागून टाकल्या. माझा सासरो खोकून खोकून गेलो. खाणी बंद झाल्या, म्हटलं देवान आयकलं. आणि तुमी ती माती बाजारात घेऊन आलात!"

गुरुदास धावत आले. माइक बंद करायला विसरले, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं साऱ्या बाजाराने नीट ऐकलं. "हे पाहा, आपल्याकडे जागा कागदावर नाही. शेजाऱ्याने हरकत घेतली तर बसता येत नाही. सुमंगलाबाय, तुम्ही सांगा."

"माका ती नाका."

"एक रविवार द्या," रुक्मिणी म्हणाली. तिचा आवाज माइकमधून बाजारभर गेला. "एकच."

गुरुदासांनी सुमंगलाकडे पाहिलं. ती सुपातल्या तांबड्या झालेल्या फेण्या वेचून बाहेर टाकत होती. "पुढच्या रविवारी या," ते म्हणाले. "त्या दिवशीही ह्या नको म्हणाल्या, तर मग जागा दुसऱ्याला."

घरी आल्यावर रुक्मिणीने मला ओट्यावर टाकलं. शांताराम म्हणाला, "एकट्या माझ्या ट्रकान थोडीच माती उडयली?"

"एकट्याचा इचारलंय मी?"

  ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामने मला खांद्यावर घेतलं आणि गावच्या ओढ्यावर, व्हाळावर नेलं. सोडा, ब्रश आणि हात. चार दिवस त्याने मला धोंड्यावर आपटलं. पहिल्या दिवशी व्हाळ इतका तांबडा झाला, की खाली कपडे धुणाऱ्या बायका खाण चालू झाली की काय ते बघायला वर आल्या. एकीने विचारलं, "शांताराम, बायलेन काढलो काय रे घरातसून?" तो म्हणाला, "अजून नाय. रविवारी ठरतला." चौथ्या दिवशी मला स्वतःच्या अंगावर हिरवा डाग दिसला. मी घाबरले, मग आठवलं.

रविवारी शांताराम फाटकाबाहेर थांबला नाही. देवळात घालायचा पांढरा सदरा घालून तो आत आला. मला बांधलं, माझ्या उताराखाली जमिनीवर मांडी घालून बसला आणि सुमंगलासमोर पाण्याने भरलेल्या दोन बालद्या ठेवल्या.

"बाय, ओत. माझ्यार पडांदे."

बाजार गोळा झाला. मिरच्यांचं गिऱ्हाईक टाकून सगुण म्हातारेही आले. गुरुदास माइकमध्ये काहीतरी बोलणार होते. कोणीतरी तो काढून घेतला. रुक्मिणी चुलीपाशी उभी होती. चूल पेटवलेली नव्हती.

सुमंगलाने पहिली बालदी माझ्यावर ओतली. पाणी खळखळत शांतारामच्या अंगावर आलं. सदरा भिजला, पांढराच राहिला. तिने दुसरी बालदी ओतली, जरा जोराने. पाणी कडेपर्यंत आलं, दुहेरी शिवणीत शिरलं आणि एका कोपऱ्यातून बाहेर पडलं. शांतारामच्या खांद्यावर एक बारीक तांबडा ओघळ उतरला.

 मी तर कापडच, पण मलाही लाज असते.

शांतारामने मान वळवून खांदा पाहिला. वाद घातला नाही. उठला आणि गाठ सोडायला लागला. "अजून आसा," तो म्हणाला. "माजी चूक. परत धुतंय. जागा कोणाक देवची ती दी, बाय."

"थांब," सुमंगला म्हणाली.

तो थांबला.

"पंधरा वर्सांत शेकड्यांनी ट्रक गेले. एक डायवर उतरून ‘बाय, माती पडता काय’ म्हणून विचारूक येऊक नाय." ती माझा कोपरा बोटांनी चाचपत होती. "व्हाळात बडवून ही माती जायची नाय. ही शिवणीत आसा. शिवण उसवूक जाय."

तिने पिशवीतून सुई-दोरा काढला. रुक्मिणीने विळी आणली. दोघींनी मला खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि एकेक बाजूने माझी शिवण उसवली. आतून जी माती पडली, ती पाहून मित्रांनो, मी खरंच थक्क झाले. हे सगळं मी इतकी वर्षं अंगात घेऊन हिंडत होते! सगुण म्हाताऱ्यांनी ती फडक्यात बांधून दूर नेऊन टाकली. मग सुमंगलाने मला पुन्हा शिवलं. तिच्याकडे पांढराच दोरा होता.

"उतार वाटेकडे दी," ती शांतारामला म्हणाली. "आणि भिजलोच आसा तर उभो कित्याक? साचो दाब. तिचे हात मोडून आले दाबून दाबून."

शांताराम साच्यावर बसला. पहिल्याच दाबाला त्याला घाम फुटला. "ह्यापेक्षा ट्रक बरो," तो पुटपुटला, आणि रुक्मिणी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. मेण गेलं, एकदोन ठिकाणी ठिगळंही आली. तुमच्याही घरी पडवीत, माळ्यावर माझ्यासारखी एखादी वस्तू पडलेली असेल. तिला बाहेर काढा, ऊन दाखवा. ती कशासाठी आणली होती ते आठवा, आणि तेच काम तिला करू द्या. निव्वळ तपासणीपुरतं नव्हे. वेळेवर ते झालं नसेल, तर उशिरा का होईना, ज्याच्या अंगणात माती पडली त्याच्याकडे जा आणि सांगा. आणि धुवायला बसलात, तर वरून पाणी ओतून उठू नका. मळ शिवणीत असतो.