नागुबाईच्या घराची खूण

खानापूरच्या पुढं, रानाकडेच्या एका आरोग्य केंद्रात पूर्णिमा अठरा वर्षं नर्स होती. कुठली पायवाट कुणाच्या परड्यात निघते, हे तिला विचारल्याशिवाय कुणी फिरतीला जात नसे. नवी नर्स रूपाली, तिला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

एका सोमवारी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, रस्ता दाखवणारं कुठलं ॲप वापरायचं? पूर्णिमा म्हणाली, सगळ्यांच्या फोनवर आहे तेच. रूपालीनं दुसरंच काढून दाखवलं. नकाशा एकदा उतरवून घेतला की रानात रेंज नसली तरी चालतो. कोड सगळ्यांना उघडा, आत काय चाललंय ते कुणीही जाणकार तपासू शकतो. आपण कुठं गेलो ते कुणाला कळवत नाही, आणि केलेल्या खुणा आपल्याच फोनवर राहतात.

"टीबीच्या पेशंटकडं आपण दर आठवड्याला जातो," ती म्हणाली. "ते ॲपच्या कंपनीला तरी कशाला कळाय पाहिजे?"

डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. आपल्या बोलण्यावर आजवर कुठल्याच डॉक्टरनं अशी मान डोलावल्याचं पूर्णिमाला आठवेना.

वर रूपाली तिच्याच शेजारी येऊन बसली. घरं आक्कांनाच ठाऊक, तेव्हा खुणा करू लागा म्हणाली. पूर्णिमानं एकेक घर दाखवलं. टीबीची पेशंट नागुबाई, तिचं घर ओढ्याच्या अलीकडं. तिनं बोट पलीकडं टेकवलं. चुकून नव्हे.

गुरुवारी रूपाली नागुबाईच्या गोळ्या घेऊन गेली. बारा वाजले, एक वाजला, तिचा फोन लागेना. पूर्णिमाला आधी बरंच वाटलं. कळू दे आता नकाशा काय कामाचा ते. पण दोन वाजून गेले, आणि ओढ्यापलीकडं अस्वलं उतरतात हे तिला आठवलं. ती स्कूटर काढून निघाली.

रूपाली ओढ्याच्या काठावरच भेटली. पाय चिखलानं भरलेले, हातांवर काट्यांचे ओरखडे. गोळ्या पोचल्या होत्या. वाटेत माणसं भेटली, पण नर्स नागुबाईचं घर विचारतेय म्हटल्यावर गावभर झालं असतं, म्हणून कुणाला न विचारता ती तीन तास फिरली होती. शेवटी अंगणात बसलेली नागुबाईच दिसली.

"मीच खूण चुकीची सांगितलती," पूर्णिमा म्हणाली.

"व्हय, कळलं मला." रूपालीनं फोन पुढं केला. "आता नीट करा, आक्का."

पूर्णिमानं खूण सरकवली.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी नकाशाचं कौतुक केलं, तेव्हा रूपाली म्हणाली, खुणा सगळ्या आक्कांच्या आहेत. सगळ्यांनी पूर्णिमाकडं पाहिलं. ती हसली. पण आत पुन्हा तेच जळत होतं. चांगुलपणातसुद्धा ही पोरगी आपल्या पुढं गेली होती.