आप्पांना सांगितलं

आप्पांनी तोंडातली वरची कवळी काढली आणि सरळ त्याच्या तळहातावर ठेवली.

“इथं टोचतंय बघा,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “तुमच्यासारखा कारागीर वरच्या मजल्यावर राहतो आणि मी आपला कळ सोसत बसलोय.”

तो वेगळंच बोलायला आला होता. जिना उतरताना वाक्य मनाशी पुन्हापुन्हा जुळवलं होतं : आप्पा, यापुढं वर येताना आधी विचारून येत चला. एवढंच. पण घरमालकाचे दात हातात धरून असलं बोलायचं कसं? त्यानं कवळी नळाखाली धरली, अंगठा फिरवून टोचणारा कंगोरा शोधला आणि खिशातली बारीक कानस काढली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हेच त्याचं काम. ‘दुसऱ्यांना दात देतो, ह्याची मात्र दातखीळ बसलेली,’ असं कामावरचे सोबती त्याला चिडवत. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

आप्पांनी कवळी बसवून जबडा हलवला. “वा! गेलं की टोचायचं. सिस्टर झोपल्यात का?”

“नाही, ड्यूटीला निघायची तयारी चाललीय.”

“फार कष्ट हो त्यांना. दिवसाची झोप ती काय झोप?”

इतकी आयती वाट पुन्हा मिळाली नसती.

“हो ना,” तो म्हणाला आणि वर आला.

बायको आरशासमोर केसांना पिना लावत होती. ती नर्स होती, कायम रात्रपाळीला. आदल्या आठवड्यात एका दुपारी तिला जाग आली ती भिंतीवरच्या टकटकीनं. आप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत होते. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. “झोपा, झोपा. ओल कुठवर आलीय तेवढं बघतो,” ते म्हणाले होते. आपला गाऊन गुडघ्यांच्या वर सरकलाय, हे तिला ते गेल्यावर कळलं. तेव्हापासून ती आतून कडी लावून झोपू लागली. पण तो दुपारी जेवायला घरी यायचा, तेव्हा कडी काढायला तिला उठावं लागे, आणि एकदा मोडलेली झोप काही केल्या परत लागत नसे.

“सांगितलंत?” तिनं आरशातूनच विचारलं.

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, चुकलंच माझं. यापुढं विचारल्याशिवाय पाऊल नाही ठेवणार.” आणि खोट्याला जरा वजन यावं म्हणून त्यानं पुढं जोडलं, “फार ओशाळले बिचारे.”

तिचे खांदे सैल झाले. ती वळली आणि त्याच्याकडे नीट पाहून हसली.

“खरं सांगू? मला वाटलं होतं, तुमच्यानं होणार नाही. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणतात, भाडं देतोय तोवर ते घर आपलं. मालक झाला म्हणून काय, त्यानंही विचारूनच यायचं. आपण काही जगावेगळं मागत नाही.” तिनं पर्स खांद्याला अडकवली. “उद्यापासून कडी नाही लावत. तुम्ही आपले तुमच्या किल्लीनं या. मी मेल्यासारखी झोपणार आहे.”

कडी असू दे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण मग ती ‘का’ म्हणून विचारणार.

“बरं,” तो म्हणाला.

आप्पा वाईट माणूस असते तर सगळं सोपं होतं. रात्रभर बाहेर राहणाऱ्या बाईला घर द्यायला कुणी तयार नव्हतं. लोक तोंडावर गोड बोलायचे आणि मागाहून नकार कळवायचे. आप्पांनी मात्र एक शब्द न विचारता किल्ली दिली होती. पाठोपाठ नळाची चावी बदलून दिली, खिडकीला जाळी बसवून दिली, आणि प्रत्येक वेळी असेच, आपलंच घर म्हणून, आत आले होते. अशा माणसाला ‘दाराबाहेर थांबा’ म्हणायचं म्हणजे खाल्ल्या घराचे वासे मोजल्यासारखं, असं तो स्वतःला सांगे. स्वतःला सांगायला त्याची जीभ कधी अडखळत नसे.

ती झोपू लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली. जिन्यात आप्पा भेटले की ती मुद्दाम थांबून बोलायची, आणि सिस्टर एवढ्या खूश कशानं, हे न कळून आप्पाही खूश व्हायचे. तो रोज सकाळी ठरवायचा, आज सांगूनच टाकू. एकदा आप्पा फोनवर होते. एकदा त्यांची बहीण आली होती. निमित्तांना काय तोटा! दुपारी जेवायला येताना तो जिन्याच्या वळणावरूनच दाराकडे बघे. दार बंद दिसलं की त्याच्या जिवात जीव येई.

त्या दुपारी दार उघडं होतं.

आत आप्पा होते आणि त्यांच्यासोबत एक रंगारी. रंगाऱ्यानं मोजपट्टीचं एक टोक पलंगाच्या उशाकडच्या भिंतीला लावलं होतं. बायको पलंगावर बसली होती. चादर तिनं गळ्यापर्यंत ओढून दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. ती ओरडत नव्हती. परका माणूस खोलीत असताना आपण पलंगावरून उतरायचं कसं, एवढंच जणू तिला सुचत नव्हतं.

“या, या,” आप्पा म्हणाले. “म्हटलं, भिंत एकदाची करूनच टाकू. सिस्टरना त्रास नको.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

“आप्पा, तुम्ही ह्यांना शब्द दिला होतात ना? विचारल्याशिवाय येणार नाही म्हणून?”

रंगाऱ्यानं मोजपट्टी सोडली. ती सर्रकन गुंडाळली गेली. आप्पांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहत राहिले. त्यानं मान खाली घातली. आपण चपला न काढताच आत आलोय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

“दिला होता,” आप्पा सावकाश म्हणाले. “दिला होता, सिस्टर. वय झालं, लक्षात राहत नाही. माफ करा मला.”

त्यांनी खरोखरीच हात जोडले. मग रंगाऱ्याला पुढं घालून ते बाहेर पडले. त्याच्याजवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दार लोटून घेऊन तो तिथंच उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं.

“म्हातारपण,” तो म्हणाला. “विसरले असतील.”

ती चादर बाजूला सारून उठली. गाऊनवर तिनं ओढणी घेतली, नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, केस बांधले. सगळं अगदी शांतपणे.

“जेवण झाकून ठेवलंय,” ती म्हणाली. “घ्या वाढून.”

“अगं, कुठं निघालीस? मी जातो, मी बोलतो त्यांच्याशी...”

ती चपला घालून केव्हाच जिना उतरू लागली होती. तो मागोमाग निघाला, पण वळणापाशी त्याचे पाय थांबले. खालचं दार उघडल्याचा आवाज आला.

“आप्पा, मी दिवसा झोपते,” तिचा आवाज आला. ना चढा, ना रडवेला. औषध कसं घ्यायचं ते रोग्याला समजावून सांगावं तसा. “मी घरी असो वा नसो, आधी विचारल्याशिवाय वर यायचं नाही. आणि मी नको म्हटलं, तर त्या दिवशी नाही.”

आप्पा काहीतरी पुटपुटले.

“नाही, आप्पा. तुम्ही विसरला नाहीत. हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगितलं जातंय. कळलंय मला.”



“बरं केलंत सांगितलंत,” आप्पा म्हणाले. “आम्ही जुनी माणसं, आमच्या ध्यानातच येत नाही. आधीच सांगायचं ना हो. रंगाऱ्याला कधी पाठवू?”

“रविवारी चालेल.”

“रविवारी पाठवतो.”

एवढंच. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

ती वर येऊ लागली. जिना अरुंद होता. वळणावर तो दिसला तेव्हा ती एक पायरी खाली थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधावा म्हणून त्यानं पाहिलं. राग नव्हता. त्यानं पाठ भिंतीला टेकवली आणि अंग चोरून तिला वाट करून दिली, जिन्यात एखादी अनोळखी बाई समोर आल्यावर करून देतो तशी.

“थँक्यू,” ती म्हणाली आणि वर गेली.